एदलाबादची आमदार

मराठीत राजकारणी माणसाबद्दल लिहिण्याच्या दोन वाटा चांगल्या मळलेल्या आहेत. एक गौरवग्रंथाची, दुसरी आरोपपत्राची. पहिलीत माणूस जन्मापासूनच थोर असतो आणि दुसरीत पहिल्या पदापासूनच संशयित. प्रतिभाताई पाटील यांच्या वाट्याला या दोन्ही वाटा भरपूर आल्या. २००७ साली देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती म्हणून त्यांचे नाव पुढे आले, तेव्हा एका बाजूने हारतुरे आले आणि दुसऱ्या बाजूने जुन्या फायली उघडल्या गेल्या. या गदारोळात एक साधा प्रश्न विचारायचा राहून गेला. १९६२ पासून १९८५ पर्यंत, म्हणजे तब्बल तेवीस वर्षे, ही बाई महाराष्ट्राच्या विधानसभेत सलग निवडून येत होती. ते कसे घडले आणि त्या वर्षांत तिने काय केले?

माझे म्हणणे असे की, या आयुष्याचा खरा मजकूर त्या तेवीस वर्षांत आहे. पुढची पदे उंच असली तरी ती त्या मजकुरावरची शीर्षके आहेत. आपण शीर्षकांवर भांडत बसलो आणि मजकूर न वाचता बाजूला ठेवला.

प्रतिभाताईंचा जन्म १९ डिसेंबर १९३४ चा, बोदवड तालुक्यातल्या नाडगावचा. भुसावळहून अकोल्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर बोदवड स्टेशन लागते. हा खानदेशचा पूर्व कोपरा. पलीकडे मलकापूर, म्हणजे वऱ्हाड. रावेर-यावलचा पट्टा तापीच्या उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. तिथे केळीच्या बागा आहेत, विहिरींना पाणी आहे आणि त्या पाण्यावर उभी राहिलेली श्रीमंती आहे. बोदवडचे तसे नाही. इथे काळी जमीन, कोरडवाहू कापूस, जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारी गावे. जळगाव जिल्ह्याला आपण सरसकट केळीचा जिल्हा म्हणतो, त्यात बोदवडवर अन्याय होतो. या फरकाकडे मला पुढे पुन्हा यायचे आहे, कारण या राजकीय आयुष्याचे मोजमाप करताना तो टाळता येत नाही.

त्या दोन वर्षांच्या होत्या तेव्हा, डिसेंबर १९३६ मध्ये, याच जिल्ह्यात फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. अध्यक्ष पंडित नेहरू. खेड्यात भरलेले काँग्रेसचे हे पहिले अधिवेशन. धनाजी नाना चौधरींसारख्या कार्यकर्त्यांनी आणि साने गुरुजींनी ते यशस्वी करण्यासाठी जिवाचे रान केले. पूर्व खानदेशात काँग्रेस घरोघर पोचली ती तेव्हापासून. पुढची चाळीस वर्षे या जिल्ह्यात काँग्रेसचे तिकीट म्हणजे निम्मा विजय असे समीकरण होते, त्याची मुळे फैजपुरात आहेत. प्रतिभाताईंच्या कारकिर्दीचा विचार करताना हे भांडवल जमेस धरले पाहिजे. त्यांनी ते उभे केले नव्हते, त्यांना ते मिळाले होते.

शिक्षण जळगावच्या आर. आर. विद्यालयात, मग मूळजी जेठा महाविद्यालयात अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र घेऊन एम. ए., आणि मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयातून कायद्याची पदवी. टेबल टेनिसच्या स्पर्धा त्यांनी गाजवल्या. राजपूत घराण्यातली मुलगी जळगावात वकिली करते, ही गोष्ट तेव्हा साधी नव्हती. १९६२ साली महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यानंतरची पहिली विधानसभा निवडणूक झाली. त्यात जळगावमधून काँग्रेसचे तिकीट त्यांना मिळाले आणि त्या निवडून आल्या. वय सत्तावीस, लग्न व्हायचे होते. अमरावतीच्या देवीसिंह शेखावतांशी विवाह झाला तो १९६५ मध्ये, आमदार असताना.

यशवंतराव चव्हाणांच्या काळातल्या काँग्रेसबद्दल बोलताना आपण साखर कारखाने आणि पंचायत राज यांचीच आठवण काढतो. तालुक्या-तालुक्यातून शिकलेली तरुण माणसे हेरून त्यांना उमेदवारी देण्याचे कामही तेव्हा होत होते. त्यातल्या फार थोड्या स्त्रिया होत्या, आणि ज्या होत्या त्यांतल्या बहुतेकींना एखादी निवडणूक लढवून घरी जावे लागले. प्रतिभाताई टिकल्या. १९६७ मध्ये त्यांनी जळगाव सोडून एदलाबाद मतदारसंघ घेतला आणि १९६७, १९७२, १९७८, १९८० अशा चार निवडणुका तिथून जिंकल्या. एदलाबाद म्हणजे आजचे मुक्ताईनगर. संत मुक्ताबाईंचे स्थान तिथे आहे, माघात यात्रा भरते, दिंड्या येतात. शहरी जळगावची वकील मुलगी या ग्रामीण मतदारसंघात गेली आणि तिथे अठरा वर्षे राहिली. १९७८ ची निवडणूक आणीबाणीनंतरची. काँग्रेस दुभंगलेली, राज्यात भलेभले पडलेले. तेव्हाही एदलाबादने त्यांना परत पाठवले. फैजपूरचे भांडवल त्या वर्षी फारसे उपयोगी पडण्यासारखे नव्हते. मला वाटते, इथे मतदार पक्षाकडे न पाहता त्यांच्याकडे पाहत होते.

आता खात्यांकडे पाहू. १९६७ मध्ये वसंतराव नाईकांच्या मंत्रिमंडळात त्या उपमंत्री झाल्या. सार्वजनिक आरोग्य, दारूबंदी, पर्यटन, गृहनिर्माण, संसदीय कामकाज ही खाती. १९७२ मध्ये कॅबिनेट मंत्री: समाजकल्याण. पुढे आरोग्य आणि समाजकल्याण. मग दारूबंदी, पुनर्वसन, सांस्कृतिक कार्य. १९७७ मध्ये शिक्षण. १९८२ मध्ये नगरविकास आणि गृहनिर्माण, त्यानंतर नागरी पुरवठा आणि समाजकल्याण. ही यादी एका दमात वाचली की तिच्यात काय नाही ते दिसू लागते. महसूल नाही, गृह नाही, सहकार नाही, पाटबंधारे नाही. महाराष्ट्रात सत्ता ज्या खात्यांतून जमिनीवर उतरते, जिथून कारखाने, धरणे, बदल्या आणि सोसायट्या चालतात, ती खाती त्यांच्याकडे कधी आली नाहीत. तेरा-चौदा वर्षे मंत्रिपदाचा अनुभव असलेल्या माणसाबाबत हा योगायोग म्हणता येत नाही. स्त्री मंत्री म्हणजे कल्याण, आरोग्य, संस्कृती असा तेव्हाचा रिवाज होता. आजही तो पुरता मोडलेला नाही.

पण म्हणून ही खाती हलकी होती असे समजणेही चूक. १९७२ ते १९७४ या काळात महाराष्ट्राचे समाजकल्याण खाते सांभाळणे म्हणजे काय होते? १९७२ मध्ये दलित पँथर उभी राहिली. खेड्यापाड्यांतल्या अत्याचारांच्या बातम्या, वसतिगृहांचे प्रश्न, शिष्यवृत्त्यांचे प्रश्न रस्त्यावर आले. जानेवारी १९७४ मध्ये वरळीची दंगल पेटली. त्याच वेळी राज्यावर १९७२ चा दुष्काळ होता. लाखो माणसे खडी फोडत होती, त्यात बायका मोठ्या संख्येने होत्या, आणि त्या अनुभवातून रोजगार हमी योजना आकार घेत होती. कापूस एकाधिकार खरेदीही याच काळात सुरू झाली. बोदवडच्या कापूसवाल्याच्या घरात तिचे बरेवाईट परिणाम पुढे तीस वर्षे जाणवत राहिले. म्हणजे प्रतिभाताईंच्या टेबलावर आणि त्यांच्या मतदारसंघाच्या बांधावर एकाच वेळी महाराष्ट्राचे सगळ्यांत कठीण प्रश्न येऊन पडले होते. त्यांनी त्यांना कसे तोंड दिले, हे गौरवग्रंथात सापडत नाही आणि आरोपपत्रातही नाही. दोन्हीकडे ही वर्षे एका ओळीत आटोपतात.

आणीबाणीचाही हिशेब द्यावा लागेल. १९७६ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने कुटुंबाचा आकार मर्यादित करणारे, सक्तीच्या नसबंदीची तरतूद असलेले विधेयक मंजूर केले. त्या सरकारमध्ये त्या मंत्री होत्या. विधेयकाला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही आणि महाराष्ट्र एका कलंकातून वाचला. मंत्रिमंडळाची जबाबदारी सामूहिक असते, त्यामुळे हा डाग प्रत्येक मंत्र्याच्या खात्यावर थोडा थोडा लागतो. तो पुसून चरित्र लिहिता येणार नाही. पण त्याच हाताने दुसरीही नोंद करावी लागते. ३० वर्षांनी, २००६ मध्ये, राजस्थानच्या राज्यपाल असताना तिथल्या विधानसभेने मंजूर केलेले धर्मांतरविषयक विधेयक त्यांनी सही न करता परत पाठवले. सरकार भाजपचे, मुख्यमंत्री वसुंधरा राजे. नागरिकाच्या मूलभूत हक्कांचा प्रश्न त्यांनी त्या वेळी उभा केला. एकाच माणसाच्या आयुष्यात या दोन्ही प्रसंगांची पाने आहेत. दुसरे पान पहिल्याचे प्रायश्चित्त होते असे मी म्हणणार नाही; पदाची जागा बदलली की माणसाला काय दिसते आणि काय दिसत नाही, याचा मात्र इथे विचार करता येतो.

१९७९ हे वर्ष मला या कारकिर्दीतले सर्वांत महत्त्वाचे वाटते. शरद पवारांचे पुरोगामी लोकशाही दलाचे, म्हणजे पुलोदचे, सरकार सत्तेवर होते. विधानसभेत विरोधी पक्षनेतेपदी आधी प्रभा राव होत्या, मग जुलै १९७९ पासून प्रतिभाताई. विदर्भातली एक आणि खानदेशातली एक, अशा दोन स्त्रिया लागोपाठ विरोधी पक्षनेत्या झाल्या, ही महाराष्ट्राच्या इतिहासातली केवढी मोठी गोष्ट! पण ती आपल्या शाळेच्या पुस्तकात नाही, स्त्रीविषयक लेखनातही क्वचितच येते. त्या वेळी इंदिरा गांधींचा पक्ष पडत्या काळात होता. सत्तेची माणसे सत्तेकडे गेली होती. पडत्या काळात जबाबदारी बायकांवर सोपवायची आणि चांगले दिवस आले की खुर्ची दुसऱ्याला, हा आपल्याकडच्या घराघरातला अनुभव राजकारणातही आला. फेब्रुवारी १९८० मध्ये पुलोद सरकार बरखास्त झाले, निवडणुका झाल्या, इंदिरा काँग्रेस सत्तेवर आली. विरोधी पक्षनेत्यानेच मुख्यमंत्री व्हावे असा काही नियम नाही. तरी जून १९८० मध्ये मुख्यमंत्री झाले ते अ. र. अंतुले, आणि प्रतिभाताईंना मंत्रिमंडळात पुन्हा जागा मिळायला १९८२ उजाडले. महाराष्ट्राला आजपर्यंत एकही स्त्री मुख्यमंत्री लाभलेली नाही. ती केव्हा लाभू शकली असती, असे कोणी विचारले तर मी १९८० कडे बोट दाखवेन.

या सगळ्यावर त्या काय बोलल्या? उघडपणे काही नाही. बंड केले नाही, गट काढला नाही, पक्ष बदलला नाही. निष्ठा हे त्यांच्या राजकारणाचे मुख्य भांडवल होते, त्याची फळे त्यांना मिळाली आणि किंमतही मोजावी लागली. निष्ठावंत माणसावर श्रेष्ठी विश्वास टाकतात, म्हणून पुढची पदे आली. निष्ठावंत माणूस अडून बसत नाही हेही श्रेष्ठींना ठाऊक असते, म्हणून महसूल आणि पाटबंधारे दुसऱ्यांकडे गेले.

१९८५ मध्ये त्या राज्यसभेवर गेल्या. माझ्या मते इथे कारकिर्दीला वळण लागले. त्याआधी त्यांची सत्ता खालून, मतदारांकडून येत होती. नंतर ती बहुतांशी वरून येऊ लागली. नोव्हेंबर १९८६ ते नोव्हेंबर १९८८ राज्यसभेच्या उपसभापती. १९८७ मध्ये उपराष्ट्रपती व्यंकटरमण राष्ट्रपती झाले तेव्हा काही आठवडे सभागृहाच्या हंगामी सभापती. त्यानंतर प्रदेश काँग्रेसचे अध्यक्षपद. १९९१ मध्ये अमरावतीतून लोकसभेवर निवडून आल्या, पण तो सासरचा मतदारसंघ. तिकडे एदलाबादेत १९९० मध्ये भाजपचे एकनाथ खडसे निवडून आले आणि ती धरून सलग सहा निवडणुकांत तो मतदारसंघ त्यांनी हातचा जाऊ दिला नाही. फैजपूरच्या अधिवेशनाने उभारलेली काँग्रेसची भिंत पूर्व खानदेशात जिथे पहिल्यांदा मोठी खचली, त्या जागांपैकी ही एक. ज्या आमदाराने ती जागा अठरा वर्षे धरली, तिला पक्षाने दिल्लीला नेले आणि मागे तिच्या तोडीचे कोणी उभे केले नाही. दिल्लीला एक विश्वासू माणूस मिळाले, खानदेशातला पाया सुटला.

इथे मला अमेरिकेचे जॉन क्विन्सी ॲडम्स आठवतात. ते १८२५ ते १८२९ या काळात अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष होते आणि ती कारकीर्द यथातथाच झाली. दुसऱ्या निवडणुकीत अँड्र्यू जॅक्सनने त्यांना हरवले. एखादा घरी बसून आठवणी लिहीत राहिला असता. ॲडम्स १८३१ पासून मॅसॅच्युसेट्सचे साधे प्रतिनिधी म्हणून संसदेच्या खालच्या सभागृहात बसले ते थेट मरेपर्यंत. गुलामगिरीविरुद्धचे अर्ज सभागृहात चर्चेलाच घ्यायचे नाहीत असा नियम गुलाममालकांच्या बाजूने केला गेला होता. त्याच्याशी हा म्हातारा आठ वर्षे झुंजला आणि १८४४ मध्ये तो नियम रद्द करवून घेतला. १८४८ मध्ये सभागृहातच ते कोसळले आणि त्याच इमारतीत दोन दिवसांनी गेले. त्यांचे सर्वांत उंच पद आणि त्यांचे सर्वांत मोठे काम यांची गाठ पडली नाही. काम पदानंतर आले. आपल्याकडे राष्ट्रपतिपद म्हणजे सक्रिय राजकारणाचा शेवट, असा संकेत आहे. तो योग्यही आहे. म्हणून प्रतिभाताईंच्या बाबतीत काम शोधायचे तर पदाच्या आधी जावे लागते.

राष्ट्रपतिपदाबद्दल थोडक्यात. २००७ च्या निवडणुकीत त्यांना ६,३८,११६ मूल्याची मते पडली, प्रतिस्पर्धी भैरोसिंह शेखावतांना ३,३१,३०६. भाजपच्या राष्ट्रीय लोकशाही आघाडीत असूनही शिवसेनेने मराठी उमेदवार म्हणून त्यांना पाठिंबा दिला. नोव्हेंबर २००९ मध्ये पुण्याच्या लोहगावहून सुखोई विमानातून त्यांनी उड्डाण केले तेव्हा वय होते ७४. मार्च २०१० मध्ये महिला आरक्षण विधेयक राज्यसभेत मंजूर झाले ते त्यांच्याच काळात, आणि लोकसभेत ते अडून राहिले तेही त्यांच्याच काळात. दयेच्या अर्जांवरून फार वाद झाला. तीसहून अधिक जणांची फाशी त्यांनी जन्मठेपेत बदलली. त्यांत काही अत्यंत क्रूर गुन्ह्यांतले दोषी होते, आणि एका कैद्याचा तर निर्णयाच्या आधीच तुरुंगात मृत्यू झालेला होता. दुसरीकडे राजीव गांधींच्या मारेकऱ्यांचा अर्ज त्यांनी फेटाळला. राष्ट्रपती या बाबतीत सरकारच्या सल्ल्याने चालतात, हे खरे. तरी मेलेल्या माणसाला माफी मिळते इतकी ढिलाई कोणाच्या टेबलावर झाली, हा प्रश्न विचारणे हा नागरिकांचा हक्कच होता.

त्यांच्या नावाशी जोडलेल्या संस्थांचेही तसेच. जळगावजवळ बांभोरीचे अभियांत्रिकी महाविद्यालय, नोकरी करणाऱ्या स्त्रियांची मुंबई-दिल्लीतली वसतिगृहे, मुक्ताईनगर भागातला संत मुक्ताबाईंच्या नावाचा साखर कारखाना, आणि जळगावची प्रतिभा महिला सहकारी बँक. या बँकेचा परवाना २००३ मध्ये रिझर्व्ह बँकेने रद्द केला. स्त्रियांची बँक ही कल्पना चांगली होती, ती बुडाली ही वाईट गोष्ट झाली, आणि ज्यांच्या नावाने ती चालली त्यांना तिचे उत्तर द्यावे लागणारच. २००९ मध्ये त्या राष्ट्रपती असताना त्यांच्या मुलाला अमरावतीत विधानसभेचे तिकीट मिळाले आणि त्यासाठी विद्यमान मंत्री सुनील देशमुखांना डावलले गेले. ज्या काँग्रेसने १९६२ मध्ये सत्तावीस वर्षांच्या वकील मुलीला उभे केले होते, त्या काँग्रेसपासून पक्ष किती दूर आला हे त्या तिकिटाने दाखवले. मला त्याचे वाईट वाटते, आणि त्यांच्याबद्दलच्या आदरामुळे अधिक वाटते.

आता बोदवडच्या पाण्याकडे परत येतो. बोदवड परिसराला पाणी उचलून देणारी सिंचन योजना वर्षानुवर्षे रेंगाळली. देशाच्या एकेकाळच्या प्रथम नागरिकाच्या जन्मतालुक्याची ही अवस्था पाहून लोक सहज म्हणतात, मग एवढ्या मोठ्या पदाचा उपयोग काय? या प्रश्नात राग आहे आणि तो खरा आहे. पण तो चुकीच्या पदाला विचारला जातो. राष्ट्रपती कालवा खोदत नाहीत. कालवा खोदते पाटबंधारे खाते, आणि खानदेशच्या पूर्व कोपऱ्यातल्या, स्वतःचा मोठा गट नसलेल्या स्त्री मंत्र्याला ते खाते देण्याची तयारी महाराष्ट्राच्या सत्ताधाऱ्यांची कधीच नव्हती. पश्चिम महाराष्ट्रातल्या नेत्यांनी आपापल्या नद्यांचे पाणी आपापल्या उसापर्यंत नेले, कारण ती खाती त्यांच्या हातात होती. एदलाबादच्या मतदारांनी चारदा आपला माणूस पाठवला. मुंबईने त्या माणसाला दारूबंदी आणि सांस्कृतिक कार्य दिले. बोदवडच्या कोरड्या नळाचा इतिहास लिहायचा तर १९७२ च्या खातेवाटपापासून लिहावा लागेल.

म्हणूनच प्रतिभाताईंचे चांगले, चिकित्सक चरित्र हवे आहे, आणि ते खानदेशातल्या कोणी लिहावे असे मला मनापासून वाटते. त्याची साधने जवळ आहेत. विधानसभेच्या कामकाजाचे अहवाल मुंबईत विधानभवनाच्या ग्रंथालयात आहेत. १९७२ ते १९७४ या काळात समाजकल्याण मंत्र्यांनी पँथरच्या प्रश्नांवर, वसतिगृहांवर, दुष्काळी कामांवरच्या बायकांच्या मजुरीवर काय उत्तरे दिली, ते आधी वाचावे. मग १९७९ च्या विरोधी पक्षनेत्याची भाषणे काढावीत, आणि प्रभा रावांची भाषणेही त्यांच्या शेजारी ठेवावीत. त्यानंतर बोदवड, मुक्ताईनगर, नाडगावला यावे. ज्यांनी १९६७ मध्ये एदलाबादेत त्यांचा प्रचार केला, बैलगाड्यांतून पत्रके वाटली, ती माणसे आता ऐंशीच्या घरात आहेत. त्यांना आधी विचारावे की तुम्ही तिला मत का दिलेत, आणि दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, चौथ्यांदा का दिलेत.